एक श्वास... आणि क्लिक!

गेल्या गुरुवारी रात्री पावणेअकराला मोबाइल किणकिणला. एवढ्या उशिरा मेसेज म्हणजे एक तर बॉस, नाहीतर बँकेवाले. निघाली आमची मैत्रीण. डिसेंबरात हिचं लग्न आहे आणि साखरपुडा झाल्यापासून हिच्या डोक्यात लग्नापेक्षा प्री-वेडिंग शूटच जास्त घोळतंय. एकामागोमाग एक अकरा फोटो आले. निळ्याशार पाण्यात डोकं खाली करून झेपावलेली बाई. पाण्यात धुरासारखा पसरलेला पांढरा कपडा. वर, उन्हाच्या कवडशात, संत्र्यासारखा गोल केशरी फुगा आणि त्याला लटकलेली जाळी. खाली एकच ओळ : 'थीम फायनल! अंडरवॉटर. त्या कोरियन डायव्हिंगवाल्या बायका. कसलं भन्नाट ना?'

भन्नाट तर होतंच. पण मी विचारलं, 'नवरदेवाला पोहता कुठे येतं?'

'त्याला फक्त श्वास धरायचाय गं. पंधरा सेकंद!'

झालं. झोप उडाली. फोटोतली ती बाई कोण, तो केशरी फुगा कसला, हे शोधता शोधता रात्रीचे दोन वाजले आणि शुक्रवारची मॉर्निंग मीटिंग मी सुजलेल्या डोळ्यांनी अटेंड केली. साहेबांना वाटलं, मुलीवर कामाचा फार लोड आलाय. वाटू दे.

तर मंडळी, तुमच्यातल्या निम्म्यांनी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवरची 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स' बघून लोकलमध्ये डोळे पुसलेत, मला माहितीये. त्यातल्या नायिकेची आई आठवतेय? समुद्रात बुड्या मारणारी, तोंडाने फटकळ आणि लेकीसाठी जीव टाकणारी? ती हेन्यो. हेन्यो म्हणजे शब्दशः समुद्राची बाई. दक्षिण कोरियाच्या खालच्या टोकाला जेजू नावाचं बेट आहे, तिथल्या या बायका. ऑक्सिजनची टाकी न लावता समुद्रात उतरायचं, तळाच्या खडकांवरून शंख, काटेरी सी अर्चिन, समुद्री शेवाळ आणि सापडलंच तर अबलोनी नावाचं महागडं शिंपलं खरवडून काढायचं आणि वर यायचं. अख्खं घर त्यावर चालवायचं. आई शिकवते, सासू शिकवते, गावातल्या थोरल्या बायका शिकवतात. २०१६ मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. तिथे दिलेला हिशेब वाचून मी दोनदा डोळे चोळले. दहा मीटर खोल, एका बुडीला साधारण मिनिटभर, दिवसाला सात-सात तास, वर्षाकाठी नव्वद दिवस. दहा मीटर म्हणजे आपली तीन मजली चाळ. वरच्या गच्चीतून तळमजल्यापर्यंत जायचं, तिथे सुरीसारखं लोखंड घेऊन काम करायचं आणि परत गच्चीत. एका श्वासात. पुन्हा. पुन्हा.

शनिवारी सकाळी मी बादलीत तोंड घालून बघितलं. (हसू नका, तुम्हीही आज रात्री बघणार आहात.) चौतीस सेकंद! तेही शेवटचे दहा सेकंद छातीत कोणीतरी हातोडा मारत होतं. तेवढ्यात आईने बाथरूमचं दार वाजवलं, ''अगं, मेलीस का आत?''

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनीही हेच केलं, फक्त जरा पद्धतशीरपणे. २०२५ मध्ये 'सेल रिपोर्ट्स' या नियतकालिकात मेलिसा इलार्डो आणि तिच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी हेन्यो, जेजूवरच्याच पण बुड्या न मारणाऱ्या बायका आणि सोलच्या शहरी बायका अशा तिघींना गार पाण्यात तोंड घालून श्वास धरायला लावला. गार पाण्यात चेहरा बुडाला की हृदयाचे ठोके मंदावतात. हे सगळ्यांचंच होतं, पण हेन्योंचे ठोके इतरांपेक्षा बरेच जास्त मंदावले. ही जन्मभराच्या सरावाची कमाई. शिवाय जेजूच्या लोकांमध्ये, मग त्या बुड्या मारोत न मारोत, रक्तदाब आटोक्यात ठेवण्याशी संबंधित एक जनुकीय फरक जास्त आढळला. या बायका गरोदरपणीही समुद्रात जायच्या. तेव्हा असा फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला असेल, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे काही श्वास शिकून येतो आणि काही आजीकडून. माझ्या आजीकडून मला फक्त गुडघेदुखी आलीये.

आता तो केशरी फुगा. त्याला तेवाक म्हणतात. वर आलं की त्याला मिठी मारून दम घ्यायचा आणि खाली लटकलेल्या जाळीत माल टाकायचा. पूर्वी तो चक्क वाळवलेल्या भोपळ्याचा असायचा. आपल्याकडे गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे ना, तीच आयडिया. आता तो फोमचा असतो आणि वर भडक रंगाचं कापड, म्हणजे बोटीवाल्यांना लांबून दिसावा. आणि वर आल्यावर या बायका जो श्वास सोडतात, त्याचा एक आवाज होतो. उंच, लांबलेली शीळ. सुम्बिसोरी म्हणतात त्याला. किनाऱ्यावरचे लोक त्यावरून ओळखतात की बाई वर आली. फोटोत सगळं येतं, एवढा एक आवाज येत नाही.

फोटोंकडे वळूया, कारण खरा किडा तिथे वळवळतोय. पाण्याखाली फोटो काढणं हे आपल्या मोबाइलच्या 'पोर्ट्रेट मोड'सारखं प्रकरण नाही. पाणी रंग खातं. सगळ्यात आधी लाल जातो. पाचेक मीटरवर लाल ओढणी तपकिरी-काळपट दिसायला लागते. मग नारिंगी, मग पिवळा... शेवटी उरतो निळा. म्हणून मोठाले फ्लॅश घेऊन उतरावं लागतं आणि तेही माणसाच्या अगदी जवळ, हात-दोन हातांवर जाऊन मारावे लागतात. पाण्यात गाळाचे कण असले तर फ्लॅश त्यांच्यावरही पडतो आणि फोटोभर बर्फ पडल्यासारखे ठिपके. बदल्यात पाणी एक गोष्ट फुकट देतं, ती म्हणजे वजन काढून घेतं. केस, कपडा, हात, सगळं संथ तरंगतं. जमिनीवर एखादी मॉडेल तास-तासभर धडपडली तरी येणार नाही अशी पोझ पाण्यात आपोआप मिळते. म्हणून तर जगभरचे आर्ट फोटोग्राफर पाण्यात उड्या मारतात.

हेन्योंचे फोटो काढणाऱ्यापुढे आणखी एक पेच. टाकी लावून उतरलेला माणूस तिच्यामागे सारखा वर-खाली करू शकत नाही. दाबाखाली टाकीतली हवा घेत राहिलं की शरीरात नायट्रोजन साठतो. वर येताना हळूहळू यावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होऊन जिवावर बेततं. ती मात्र एका श्वासात सुळकन खाली, सुळकन वर. मग फोटोग्राफर काय करणार? खाली दबा धरून बसणार आणि वर बघणार. कितीतरी फोटोंत ती आकाशातून पडत असल्यासारखी दिसते आणि तेवाक तिच्या डोक्यावर सूर्यासारखा, त्यामागे माझ्या मते हेच साधं कारण आहे. कला वगैरे नंतर. आधी फोटोग्राफरला हलता येत नव्हतं!

बुडी मारणाऱ्या बायांचं आणि कॅमेऱ्याचं नातं जुनं आहे आणि सरळ मुळीच नाही. जपानमध्येही अशा बायका आहेत, त्यांना आमा म्हणतात. फोस्को मारायनी नावाचा एक इटालियन मानववंश-अभ्यासक आणि फोटोग्राफर १९५४ साली जपानच्या हेकुरा बेटावर गेला आणि पाण्याखाली उतरून त्याने आमांचे फोटो काढले. त्या काळात या बायका लंगोटीएवढ्या कपड्यात बुड्या मारायच्या. त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपात ते गाजलं. फोटो देखणे आहेत, प्रश्नच नाही. पण ते बघताना मला सतत वाटत राहिलं, की बघणाऱ्यांपैकी किती जण जाळीकडे बघत होते? उत्तर १९६७ मध्ये मिळालं. जेम्स बाँडच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये आमा आली ती बिकिनी घालून. तेरा वर्षांत कामकरी बाईची बाँड गर्ल!

याच्या अगदी उलट एक माणूस होता कुसुकाझू उरागुची. हा आमांच्याच भागातला, शिमाचा. तीसेक वर्षं तो त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढत राहिला. पाण्यात, बोटीवर, शेकोटीभोवती अंग शेकताना, हसताना, थकून पडलेल्या. १९८८ मध्ये तो गेला आणि २०२४ मध्ये फ्रान्समधल्या आर्लच्या प्रसिद्ध फोटो महोत्सवात त्याचं प्रदर्शन लागलं. त्याच्या फोटोंतल्या बायका कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. रोज येणाऱ्या शेजाऱ्याकडे आपण कुठे वळून बघतो!

जेजूच्या हेन्योंबाबत मला दोन फोटोग्राफर फार आवडले. एक ह्युंग एस. किम. हा पाण्यात उतरलाच नाही. त्याने किनाऱ्यावर पांढरा पडदा लावला आणि पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या हेन्योला त्यापुढे उभं केलं. ओला काळा रबरी सूट, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, कपाळावर मास्कचा वळ, धापा टाकणारा चेहरा. बस. समुद्र नाही, सूर्य नाही, काही नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला ते फोटो जवळजवळ माणसाच्या उंचीएवढे करून लावले होते. मी लॅपटॉपवर बघितले तरी नजर खाली घालावीशी वाटली. त्यातल्या कितीतरी आज्ज्या आहेत. सत्तरीच्या, त्यापुढच्याही.

हे माझ्या मैत्रिणीच्या अकरा फोटोंत कुठेच नव्हतं. साठच्या दशकात जेजूवर वीस हजारांहून जास्त हेन्यो होत्या, २०२३ मध्ये तीन हजारांच्या आत आल्या आणि त्यांतल्या बहुतेक जणींनी साठी ओलांडलीये. पांढऱ्या कपड्याचं म्हणाल, तर सत्तरच्या दशकात रबरी सूट येईपर्यंत त्या सुती कपड्यातच बुड्या मारायच्या. पण तो अंगाबरोबर शिवलेला, आखूड. पाण्यात धुरासारखा पसरणारा घोळदार झगा घालून कुणी खडकांत काम करायला गेली, तर तो पहिल्याच कपारीत अडकेल आणि बाई वर येणार नाही. रबरी सूटने थंडी कमी केली खरी, पण त्यामुळे कामाचे तास वाढले. डोकेदुखी जन्माची सोबतीण. गोळी घेऊनच पाण्यात उतरणाऱ्या कितीतरी जणी.

दुसरी फोटोग्राफर म्हणजे वाय. झिन. ही कोरियन, स्वतः पाण्याखाली फोटो काढणारी आणि तिच्या हेन्यो मालिकेचं नावच 'हॅपी हेन्यो'. यात आज्ज्या पाण्याखाली चक्क हसतायत! दहा मीटर खाली, श्वास धरून, जाळी घेऊन, कॅमेऱ्याकडे बघून हसणं. बघा करून बादलीत. मला आधी नाव जरा गोग्गोड वाटलं होतं. मग त्यामागची गोष्ट समजली. हे काम बराच काळ हलकं समजलं जायचं. ओलेतं, खारट, गरिबाचं काम. आया लेकींना सांगायच्या, काहीही कर पण हेन्यो होऊ नकोस. शिंपल्यांच्या पैशांवर लेकी शिकल्या, सोलला नोकरीला लागल्या. काही गावांत तर समुद्राचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून ठेवायचे आणि तिथल्या शेवाळाच्या पैशांत शाळा उभी राहायची. पण त्या बायकांना स्वतःचा फोटो मात्र नको असायचा. या अवतारात? मेकअप नाही, काही नाही? तेव्हा अशा आज्जीने हसून फोटो काढू देणं ही साधी गोष्ट नाही.

इथे मी थांबले. कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय.

माझी आई डोंबिवलीत बावीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवतेय. पहाटे साडेचारला उठून दोन मदतनीस बायकांबरोबर दोनशेच्या वर पोळ्या. माझी इंजिनीअरिंगची फी त्यातून गेली. आमच्या घरात अल्बम आहेत, मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत. आई बारशात, आई महाबळेश्वरला, आई पैठणीत. पोळपाटापाशी बसलेली आई? एकही नाही. कॅमेरा दिसला रे दिसला की ''थांब, साडी बदलून येते''. येईपर्यंत गॅस बंद, ओटा पुसलेला आणि हात धुतलेले. बावीस वर्षांचं काम आणि त्याचा एक पुरावा नाही. आणि खरं सांगू? मलाही कधी वाटलं नाही. कॉलेजात असताना कुणी विचारलं की मी 'आईचा केटरिंगचा बिझनेस आहे' सांगायचे.

सोमवारी लंच अवरमध्ये मैत्रिणीला गाठलं आणि हे सगळं तिच्यापुढे ओतलं. आज्ज्या, गोळ्या, शिशाचा पट्टा. त्यांच्याकडे एक शब्द आहे, मुलसुम, म्हणजे पाण्यातला श्वास. तळाशी एक मोठं अबलोनी दिसतं, दम संपत आलेला असतो, पण आता एवढंच काढू म्हणून बाई थांबते आणि नको तिथे श्वास घेते. तो शेवटचा. म्हणून नव्या मुलीला थोरल्या बायका पहिल्यांदा हेच शिकवतात की आपल्या श्वासाएवढंच घ्यायचं. इतकं सांगून मी विजयी मुद्रेने कटिंगचा घोट घेतला.

तिने शांतपणे सामोशाचा तुकडा मोडला. ''सगळं पटलं. पण मला एक सांग, मी ते फोटो पाठवले नसते, तर तू हे वाचलं असतंस?''

अं...

''सुंदर दिसलं म्हणूनच बघितलंस ना? मग सुंदर दिसण्यावर राग का?''

बोलती बंद! कारण मुद्दा बरोबर आहे. २०२४ मध्ये मलाला युसुफझाईची निर्मिती असलेली 'द लास्ट ऑफ द सी विमेन' ही डॉक्युमेंटरी आली. त्यात दोन तरुण हेन्यो आहेत, यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या. चित्रं छान दिसली, म्हणून लोक आले. जेजूवरच्या हाल्लिममध्ये २००८ पासून हेन्यो शिकवणारी शाळा चालतेय आणि तिथे शहरातल्या नोकऱ्यांना कंटाळलेली मंडळीही येतात. (रेझिग्नेशन लेटर टाइप करू नका! सर्टिफिकेट मिळालं म्हणून हेन्यो होता येत नाही. गावातल्या मच्छीमारांच्या संघाने आपलं म्हणावं लागतं, आणि ते आपल्या सोसायटीच्या एनओसीपेक्षा अवघड आहे.) पण तरीही मला वाटतं, सुंदर दिसणं आणि कुणाचं तरी काम कपड्यासारखं अंगावर घालणं यात फरक आहे. नेमकी रेघ कुठे ओढायची ते मला सांगता येईना, तर तिने घड्याळ दाखवलं. दोन वाजले होते.

बुधवारी तिचा मेसेज आला. ठाण्याच्या पुढे एका फार्महाऊसचा पूल बुक केलाय. पांढरा गाऊन राहणार, नवरदेवाला पोहण्याचा क्लास लावलाय. केशरी फुगा आणि जाळी कॅन्सल. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, 'जाळी रिकामी बरी दिसत नव्हती आणि त्यात काय भरायचं तेच सुचेना.'

आणि काल रविवार. सकाळी सात वाजता मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. आई पोळ्या लाटत होती. गाऊनवर ॲप्रन, केसांना क्लिप, कपाळावर पिठाचा पांढरा पट्टा.

''अगं, थांब, साडी...''

''नको.''

''वेडी आहेस का? या अवतारात?''

तोपर्यंत मी चार काढलेसुद्धा. तिने मोबाइल हातात घेऊन डोळे बारीक केले. नाक किती चमकतंय, डिलीट कर, म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. मी काही डिलीट केला नाही. दुपारी जेवणं झाल्यावर ती स्वतःहून आली.

''तो सकाळचा पाठव गं मला. मावशीला दाखवते. पण आधी जरा उजेड वाढव त्यात, पोळी फुगलेली दिसत नाहीये.''